कुजलेली की कुरतडलेली

नगरच्या त्या मासेवाल्याशी माझं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मी दुकानात शिरलो तेव्हा तो खुर्चीवरून उठला नाही, हे एक. आणि मासा कसा निवडायचा हे मला सांगायला लागला, हे दुसरं. बत्तीस वर्षं मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक होतो. कर्जत झालं, नेवासा झालं, शेवटी तिसगावला घर बांधलं. हुद्दा काही का असेना, गावोगावची माणसं मला डॉक्टरच म्हणत. घोडेगावच्या बाजारात माझ्या शब्दावर बैलांचे सौदे ठरायचे. आणि शोभेच्या माशांच्या काचपेट्या पुसणारा हा माणूस मला शिकवणार!

मासे मला नकोच होते. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती पुढच्या खोलीतल्या खुर्चीला खिळली. मुलं पुण्याला. भिंतीकडे बघून बघून कंटाळली आणि एक दिवस म्हणाली, "अहो, मला मासे आना. जन्मभर शेनामुतानं भरलेली तुमची कापडं धुतली. आता एक तरी जनावर माझं म्हनून असू द्या." लग्नानंतर तिने स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे नाही म्हणता येईना. म्हणून मी कुरकुरत एसटीत बसलो.

लांब शेपटीचे चार सोनेरी मासे तिच्या पसंतीचे, तिने मोबाईलवर फोटो बघून सांगितलेले. पाचवा माझ्या पसंतीचा. अंगावर काळे पट्टे, लहानखुरा, पण एका जागी ठरत नव्हता. बैल घेताना बघतो तसंच मी बघितलं: डोळा स्वच्छ, कातडी चकचकीत, अंगात रग. मासेवाला म्हणाला, "साहेब, हा ऱ्हाऊ द्या, दुसरा देतो." मला हसूच आलं. चांगलं जनावर व्यापारी कधी आपणहून सोडत नाही, हे मला काय नवीन होतं? मी म्हणालो, "हाच पाहिजे." त्याने खांदे उडवले आणि मासा पिशवीत टाकला.

चार दिवसांत दोन सोनेरी माशांच्या शेपट्यांच्या चिंध्या झाल्या. पाठीवरचे पर तुटके दिसायला लागले. पुढच्या खोलीतल्या काचपेटीकडे मी दारातूनच बघितलं, चष्मासुद्धा चढवला नाही. रोगट माल गळ्यात मारला होता त्या नालायकाने. शेपटी कुजत होती, लागण झाली होती, उघड होतं. बायको काहीतरी सांगायला लागली तर मी म्हणालो, "आल्यावर बोलू," आणि सकाळच्या गाडीने नगर गाठलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती असावीत अशीच माझी इच्छा होती. मी मोठ्या आवाजात सुरुवात केली. तो माणूस ऐकून घेत होता आणि मध्येमध्ये प्रश्न विचारत होता, त्याचीच मला जास्त चीड आली. पर पसरून पोहतात, का अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसतात? कडा कापसासारखी पांढरी झालीय का? परांत लाल रेघा आल्यात का? का नुसतेच तुकडे गेलेत? सगळ्यांचं झालंय, का एकदोघांचंच?

मला यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. गाय न आणता दवाखान्यात येऊन नुसतं तोंडी वर्णन करणाऱ्या शेतकऱ्यांना मी आयुष्यभर हाकलून दिलं होतं. "जनावर नीट बघितलंस का?" असं विचारून त्यांना चारचौघांत खाली बघायला लावलं होतं. आणि आता मीच तिथे उभा राहून बेधडक म्हणालो, "पांढरी झालीय. लाल रेघा आहेत. सगळ्यांचं झालंय."

"मग कुजतंय," तो म्हणाला. "औषध देतो. पन मापानं टाका."

"तुझं औषध तुलाच लखलाभ," असं म्हणून मी बाहेर पडलो.

खुरकुतात गुरांचे खूर धुवायला आम्ही पोटॅशियम परमँगनेट वापरायचो. घरात त्याची जुनी बाटली होती. बादलीत टाकायची तेवढी चिमूट मी बोटांत घेतली. मोजायची मला सवय नव्हती. आमची सगळी कारकीर्द अंदाजावर गेली आणि आजवर एकही खूर तक्रार घेऊन आला नव्हता.

बायको खुर्चीतून म्हणाली, "अहो, थांबा. शेपटी कुजलेली न्हाई ती. कुरतडलेली हाय."

"तू गप्प बस. तुला काय कळतं त्यातलं?"

"मी दिसभर इथंच बसलेली असते."

"बसलं म्हणून कुणी डॉक्टर होत नाही," मी म्हणालो आणि चिमूट काचपेटीत सोडली.

पाणी जांभळं झालं. मी जेवायला बसलो. हात धुऊन आलो तेव्हा चारही सोनेरी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. मी घाईघाईने पाणी बदलायला घेतलं, बादली सांडली, कशावर तरी ओरडलो. दुपारपर्यंत चौघेही उलटे झाले. पट्टेवाला तेवढा धडधाकट राहिला. त्या नेभळट माशांचा मला राग आला, मासेवाल्याचा आला, आणि बायकोच्या गप्प बसण्याचा सगळ्यात जास्त आला.

आठवड्याने मी म्हणालो, "नवे आणून देतो." ती म्हणाली, "मी येते." मी गुडघ्याचं कारण काढलं. तिने ऐकलं नाही. शेजाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून ती नगरपर्यंत आली आणि काठी टेकत दुकानात शिरली. तो मासेवाला तिच्यासाठी खुर्चीवरून उठला.

तेच प्रश्न त्याने तिला विचारले. ती एकेक करून सांगत गेली. पर पसरलेलेच होते. कडा पांढरी नव्हती, लाल रेघ एकही नव्हती. भाकरीचा घास तोडावा तसे अर्धगोल तुकडे गेलेले होते. आधी सगळ्यात लांब शेपटीच्याचं झालं, मग दुसऱ्याचं, बाकी दोघे चांगले होते. पट्टेवाला मागून यायचा, शेपटी ओढायचा आणि पळून जायचा. सकाळी खाणं टाकायच्या आधी जास्त. असं तिने तीन दिवस बघितलं होतं.

मासेवाला म्हणाला, "मावशी, तुमचं बरोबर हाय. त्याची खोडच ती. त्याला नुसता येगळा काढला असता, तर शेपट्या म्हैन्याभरात परत आल्या असत्या. तुमी आदी का न्हाई सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेतल्या माशांकडे बघत म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई."

इतक्या वर्षांत परक्या माणसापुढे माझ्याविषयी तिने केलेली ही पहिली तक्रार. मला तिचा भयंकर राग आला. आणि खोडून काढावं असं त्यात काहीच नव्हतं.