आईच्या खोलीची नवी खिडकी

मंडळी, आज आमच्या हुबळीच्या घरी नवी खिडकी बसली. दोन काचा आणि मधल्या फटीत आर्गॉन वायू भरलेला. आईची खोली पश्चिमेची. उन्हाळ्यात दुपारी उकाड्यानं तिला तिथं झोप लागायची नाही, म्हणून आमच्या वडिलांनी, अण्णांनी, बेंगळुरूला सांगून ही खिडकी करवून घेतली.

यायला दोन महिने लागले. आई मागच्या आठवड्यात गेली.

"अण्णा, परत पाठवू या का?" मी सकाळी विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही. उलट मलाच शिकवायला लागले. सगळी नोकरी धारवाडच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेलीय ना!

"आर्गॉन उदासीन वायू. उदासीन म्हणजे उदास नव्हे, कुणात मिसळत नाही एवढंच. हवेपेक्षा त्यातून उष्णता कमी जाते, म्हणून आतली काच कमी तापते."

चार वाजता खिडकीवर थेट ऊन आलं. अण्णांनी आतल्या काचेला तळहात लावला. मी मागं दारातच उभी होते. मागं न बघता, सवयीनं त्यांनी हाक मारली, "अगं, ये की! आता झोप इथं निवांत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आले हं."

चुकलं का हो माझं?