भीमाबाईंच्या कादंबरीचा शेवट

अंगावरून वारं गेलं तेव्हापासून भीमाबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. डोक्यात शब्द लख्ख असायचे, पण जिभेवर येईतो त्यांचा चिखल व्हायचा. अकोले गावात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. लग्नाआधी, माहेरच्या नावानं, त्यांनी एक कादंबरी लिहिली होती, हे मात्र मुलगा रंगनाथलाही ठाऊक नव्हतं. नवरा असताना त्यांनी तो विषय काढला नाही. तो गेल्यावर विचारणारंही कुणी नव्हतं.

बाहत्तर सालच्या दुष्काळात, रंगनाथ खडीच्या कामावर गेला असताना, श्रीरामपूरहून सुवार्ता गायकवाड नावाची बाई एसटीनं आली. कॉलेजात मराठी शिकवायची. एका शाळेचं जुनं कपाट रिकामं होत होतं, त्यात तिला ती कादंबरी सापडली होती. कोपरगावला भीमाबाईंच्या भावाकडं चौकशी करत ती इथवर पोचली.

"ही तुम्हीच लिहिलीत ना?" तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

भीमाबाईंनी डावा हात त्यावरून फिरवला. मान डोलावली.

सून चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकली. "आत्याबाईंनी पुस्तक लिव्हलंय? आन् आमाला म्हाईत न्हाई!"

"मला ही पुन्हा छापून आणायचीय," सुवार्ता म्हणाली. "पण शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. दुसरी प्रत कुठंच नाही. नवऱ्यानं सवत आणली म्हणून यमुना घर सोडते, शाळेत नोकरी धरते. मग एक दिवस तो गाडी जुंपून तिला न्यायला येतो, तिथंच पुस्तक तुटतं. पुढं काय होतं?"

भीमाबाईंना सगळं काल लिहिल्यासारखं आठवत होतं. गाडीत मागं सवत बसलेली असते, पोटुशी, भेदरलेली. यमुना तिचा हात धरून तिला खाली उतरवते, आपल्या घरात घेते, आणि नवऱ्याला म्हणते, गाडी रिकामीच न्या. ते प्रकरण वाचून वडील कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

"स... सा..." त्यांनी सगळा जोर लावला.

"साडी?" चांगुणा वाकली. "साडी बदलायचीय का?"

सुवार्तानं डाव्या हातात पेन्सिल दिली. कागदावर नुसत्या रेघोट्या उमटल्या. 'स' कसा काढायचा तेच हाताला उमगेना.

"बरं, मी विचारते, तुम्ही मान हलवा. यमुना त्याच्याबरोबर परत जाते?"

नाही.

"मग एकटीच राहते?"

नाही.

"नवराच तिच्याकडं येऊन राहतो? की जीव देते ती?"

नाही, नाही. भीमाबाईंनी चिडून बाजेवर हात आपटला. मग त्यांनी चांगुणाचं मनगट पकडलं आणि तिला आपल्याकडं ओढलं, घट्ट, पुन्हा पुन्हा.

"दमल्या त्या," चांगुणा म्हणाली आणि तिनं सासूला हलकेच आडवं केलं.

सुवार्ता नंतरही एकदा येऊन गेली. तेच प्रश्न, तीच हलणारी मान. शेवटी कादंबरी होती तेवढीच छापली गेली, अखेरच्या पानावर एक ओळ टाकून : पुढची पानं मिळाली नाहीत. प्रत द्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "शेवट तूच लिही म्हणून लोक मागं लागले होते. माझा हात धजला नाही, बाई." भीमाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणखी काय करणार होत्या?

चांगुणा चौथीपर्यंत शिकलेली. दुपारचं काम उरकलं की अक्षराला अक्षर जोडत ती सासूजवळ बसून वाचायची. शेवटचं पान आलं तरी तिनं पुस्तक मिटलं नाही.

"आत्याबाई, त्या सवतीचं काय झालं वो? तिला तर कुनी इचारलंच न्हाई."

भीमाबाई ताडकन उठायला गेल्या. मान जोरजोरात वरखाली हलली, घशातून घरघर निघाली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली.

"व्हय? मेली का ती?"

नाही.

"पळून गेली?"

नाही.

चांगुणानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. अजून काय विचारावं ते तिला सुचेना. मग गोठ्यात गाय हंबरायला लागली, तशी ती उठली.