पिशवीतल्या चार बाटल्या

मी काय काम करते, हे शहाद्यात कोणाला सांगायची सोय नाही. "व्हिडिओ गेम बनवते" म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग आईकडे बघतो, आणि मग कापसाचा विषय काढतो. गल्लीतल्या एका काकूंनी तर माझ्यासमोरच आईला विचारलं, "पोरीले नोकरी नही लागनी का अजून?" आई म्हणाली, "लागेल शे ना. लोकेसले मारानी नोकरी शे तिन्ही."

यात खोटं काही नाही म्हणा. मी ज्या खेळावर काम करते तो अवघड जातीचा आहे. तलवार घेतलेली एक बाई पडक्या किल्ल्यांतून चाललेली असते आणि जो भेटेल तो तिला मारत सुटतो. तीन फटके बसले की खेळ खलास, पुन्हा मागून सुरुवात. असे खेळ खेळणाऱ्यांना हा छळच आवडतो, त्याला माझा इलाज नाही. माझ्याकडे यातलं एकच खातं आहे, ते म्हणजे औषध. बाईला लागलं तर ती बरी कशी व्हावी, किती व्हावी, किती वेळात व्हावी, हे ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण डोक्याचा पार भुगा होतो. तिच्या पिशवीत औषधाच्या पाच बाटल्या दिल्या आहेत. जास्त दिल्या तर मरायची भीतीच उरत नाही, आणि कमी दिल्या तर लोक वैतागून खेळ बंद करतात. बाटली तोंडाला लावली की दीड सेकंद तिला पळता येत नाही. तेवढ्यात शत्रूनं गाठलं तर संपलं. म्हणजे प्यायला आधी वेळ साधावी लागते. या दीड सेकंदाचा सव्वा करावा का, यावर आम्ही ऑफिसात तीन दिवस एकमेकांच्या उरावर बसलो होतो.

शिवाय वाटेत विसाव्याच्या जागा आहेत. तिथे बसलं की रिकाम्या बाटल्या आपोआप भरतात, पण मारलेले सगळे शत्रूही पुन्हा उभे राहतात. ही गंमत मी आईला सांगितली तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. "आसंच ऱ्हास," ती म्हणाली. "बाई जरा बठनी का सगळं काम परत उभं."

मी पुण्याहून घरी आले ती आईमुळे. आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हाड मोडलं नाही, पण रक्तदाब इतका चढलेला निघाला की डॉक्टरांचा चेहराच पडला. माझ्याहून वयानं लहान डॉक्टर, पण स्पष्ट बोलला. रोज सकाळी एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. चुकली तर कधी लकवा मारेल सांगता येत नाही. आई समोर बसून दुसऱ्याच कोणाची केस ऐकावी तशी मान हलवत होती. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. घरात आम्ही दोघीच. मी कंपनीला कळवून टाकलं आणि कॉम्प्युटर उचलून शहाद्याला आणला.

माझी आई नर्स. नोकरीतली बहुतेक वर्षं तिनं सातपुड्यातल्या एका उपकेंद्रावर काढली. तिथली पावरी बोली शिकली, डोंगर चढून घरोघर फिरली, कितीतरी बाळंतपणं केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत तिला कोणी नावानं हाक मारत नाही. सकाळी नऊ वाजले की ओट्यावर कोणीतरी येतंच आणि "सिस्टर, शेस का घरमा?" अशी हाक येते. कोणाचं बोट कापलेलं, कोणाच्या नातीला ताप, कोणाला नुसता दाब मोजून हवा. आणि हाक आली की आई तोंडातला घास तसाच ठेवून उठते. लहानपणी मला या हाकेचा फार राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

रोज सकाळी मी विचारायचे, "माय, गोळी खादी का?" ती म्हणायची, "खादी ना वं." इतकी वर्षं लोकांना गोळ्या खायला लावणारी बाई खोटं बोलेल असं कशाला वाटेल? पण दाब काही उतरेना. डॉक्टरांनी गोळी बदलली, तरी उतरेना. माझी झोप उडाली. आणि मग एके दिवशी चादरी काढायला म्हणून कपाट उघडलं, तर खाली स्टीलचा डबा. उघडला तर आत गोळ्यांच्या पट्ट्या. नीट रबर लावून, तारखेप्रमाणे रचलेल्या. तीन महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या.

माझा असा पारा चढला की विचारू नका. डबा तसाच नेऊन तिच्यापुढे आदळला. "हाई काय शे?"

"ऱ्हाऊ दे," ती शांतपणे म्हणाली. "कोनले तरी लागी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. डोकं जड वाटलं तरच ती गोळी घ्यायची. बाकीच्या शिल्लक. त्यातल्या दोन पट्ट्या पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईला दिल्या होत्या, कारण तिलाही तीच गोळी होती आणि तिच्या संपल्या होत्या, "तिन्ह्या सरी गयथ्यात ना". मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेशंटला एक डोस चुकला तर झापायचीस, आणि स्वतःचं हे? तुला लकवा मारला तर तुला कोण उचलणार? आई एवढंच म्हणाली, "डोकं नको खाऊ मन्हं." त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ताट वाढायचं, ताट उचलायचं, बस.

अशात ऑफिसातून निरोप आला की आयुष्यात कधी गेम न खेळलेल्या माणसाला खेळायला बसवा आणि तो कुठे अडतो ते बघा. घरात असा माणूस एकच होता. मी तोंड फुगवूनच विचारलं, आणि तीही तोंड फुगवूनच खुर्चीत बसली. चष्मा पुसला. दोन्ही हातांनी खेळायचा रिमोट धरला, गरम चहाची वाटी धरावी तसा. पण शिकली पटकन. तान्ह्या पोराची शीर अचूक शोधणारे हात ते. अर्ध्या तासात शत्रूचा वार चुकवून बाजूला सरकायला लागली. "मर मेल्या!" असं ओरडलीसुद्धा. पण जरा लागलं, अजून लागलं, बाई लंगडायला लागली, तरी आई बाटलीला हात लावेना. शेवटी मेली. पिशवीत पाचच्या पाच बाटल्या भरलेल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच.

"अवं पी ना!" मी अबोला विसरून ओरडले.

"आते कसाले? वाट बाकी शे अजून. मांगून कोनी उनं तं?"

"मांगून कोन येवाव शे? ह्या खेळमा तू एकलीच शेस, माय!"

औषध वाचवून ठेवणारे खेळाडू आम्हाला नवे नाहीत. पुढे मोठी लढाई येईल, तेव्हा वापरू, असं म्हणत भरल्या पिशवीनं मरणारे पुष्कळ. आम्ही मीटिंगमध्ये त्यांना चिक्कू म्हणून हसतो. पण आई चिक्कू नव्हती. मी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की उपकेंद्रावर आठ-आठ दिवस काही पोचत नसे. मग शेवटची पट्टी, शेवटचं सलाईन हातात घेताना ती आधी दारात येऊन डोंगरावरच्या पायवाटेकडे बघायची. कोणी झोळीत पेशंट घालून उतरतंय का? उतरत नसेल तरच ते वापरायचं. एकदा तिला स्वतःलाच हिवताप आला. कपाटात गोळ्या एकाच माणसापुरत्या. तीन दिवस ती तापात पडून राहिली, पण गोळ्यांना हात लावला नाही.

"मंग? कोन उनं?"

"कोनीच नही उनं." ती म्हणाली. "पन येतं तं?"

मी तेव्हा लहान, इकडे आजोळी असायचे. तीन दिवस ती तिकडे एकटी तापात पडली होती, हे मला आज कळत होतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. आता ते दिवस गेले, आता मागून कोणी येत नाही, असं मी सांगणार, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, "सिस्टर, शेस का?" आणि आई रिमोट माझ्या मांडीवर टाकून गेली. येतात ना लोक. रोज येतात.

आठवड्याभरानं खेळाची नवी आवृत्ती आली. त्यात नायिकेला एक सोबतीण दिली होती. कंदील घेऊन मागून चालणारी म्हातारी. तिला लागलं तर आपल्या पिशवीतली बाटली तिला पाजता येते. आईला ही म्हातारी फारच आवडली. तिला जरा खरचटलं की आई धावत जाऊन बाटली पाजायची, विसाव्याला बसून पुन्हा भरून घ्यायची. स्वतः मात्र कोरडीच. मग मोठ्या लढाईत म्हातारीला एक बाटली पाजली आणि पुढच्याच फटक्याला आई पडली. पिशवीत चार बाटल्या.

एरवी नायिका पडली की पडदा लगेच काळा होतो. पण या आवृत्तीत एक काम अर्धवट राहिलं होतं. नायिका पडल्यावर म्हातारीनं पिशवीतून बाटली काढून तिला पाजायची, अशी योजना होती. म्हातारीनं जवळ यावं, बसावं, इथपर्यंत आमच्या पोरांनी केलं होतं. पिशवी उघडायचं राहिलं होतं. त्यामुळे पडदा काळा झालाच नाही. म्हातारी कंदील खाली ठेवून पडलेल्या बाईशेजारी बसली. पिशवीकडे हात नेला. हात मागे आला. पुन्हा नेला, पुन्हा मागे आला.

"उघड ना वं!" आई पडद्यावर ओरडली.

"तिले उघडता येत नही, माय," मी वहीत चूक टिपून घेत म्हणाले. "ती पिशवी फक्त तुन्हाच हाते उघडस."

म्हातारीचा हात जातच होता, येतच होता. मागून शत्रू चालत आले आणि एका फटक्यात तीही आडवी झाली.

"मंग ह्या बाटल्या कोना कामन्या?" आईनं विचारलं.

"कोनाच नही."

आईनं रिमोट खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. मी वहीत लिहीत राहिले: सोबतिणीला पिशवी उघडता येत नाही, दुरुस्त करणे. लिहिता लिहिता माझा हातच थांबला. तीन महिने मी त्या म्हातारीहून वेगळं काय करत होते? मी तिच्यावर ओरडले, डबा आदळला, लकव्याची भीती घातली. पण मला तू हवी आहेस, तुझ्याशिवाय मला या घरात बसवणार नाही, हे एकदाही म्हटलं नव्हतं. उठून आत गेले. ती भाकरी थापत होती. मी तिच्या पाठीला डोकं टेकवलं आणि तेवढंच म्हटलं. "सरक, हात पिठना शेत," ती म्हणाली, पण सरकली मात्र नाही.

ती चूक ऑफिसात दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. ती तशीच राहू द्या म्हणून मी पुष्कळ भांडले. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं, आणि त्यांचंही बरोबरच होतं. आता म्हातारी पिशवी उघडते, बाटली पाजते, नायिका उठून बसते. खेळ म्हणून हेच चांगलं आहे.

आईच्या पाठीला डोकं टेकवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीपाशी काम करत होते. आई खुर्चीत बसलेली, समोर पाण्याचा पेला. नऊ वाजले असतील. ओट्यावरून हाक आली, "सिस्टर, शेस का घरमा?" पट्ट्या घेऊन गेलेली तीच बाई होती. मी मान वर केली नाही, पण माझे कान तिकडेच. खुर्ची वाजेल, पेला तसाच राहील, हे मला पाठ होतं.

खुर्ची वाजली नाही. पट्टीचा कागद फाटल्याचा आवाज आला.

"थांब वं बहीण," आई आतूनच म्हणाली. "मी मन्ही गोळी खाई लेस आधी."

"खाई ले, खाई ले," बाहेरून बाई म्हणाली. "माले काय घाई नही."