श्वासाचं काम फुकट

आमच्या घरात इस्त्री बंद पडली की चूलही बंद पडायची. वीटभट्टीवर विटांची रास पायावर कोसळली आणि माझे वडील बसले ते कायमचेच. मग आई आम्हाला घेऊन डोंगराकडच्या वाडीवरून करंजाड्यात आली आणि एका सोसायटीच्या जिन्याखाली टेबल टाकून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करू लागली. इस्त्री भंगारातली, जड, वर्षातून दोनदा तरी जळणारी. ती जळली की लोकांच्या शर्टांचे गठ्ठे तसेच पडून राहायचे आणि बायका जिन्यातून उतरता उतरता आईला ऐकवून जायच्या. आई कुणाला उलट बोलत नसे. मला तेव्हापासून राग येतो. तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

मी आठवीत असताना ती इस्त्री टॉवेलात गुंडाळून पनवेलच्या बाजारात फिरले. तीन दुकानदारांनी "नवीन घे" म्हणून परत पाठवलं. चौथी नजमाखाला, सगळ्या बाजाराची खाला, म्हणजे मावशी. एका बंद दवाखान्याच्या ओट्यावर तिचं टेबल होतं, त्यावर पक्कड, स्क्रूच्या डब्या आणि इस्त्रीत तापते त्या निक्रोमच्या तारेची रिळं. तिने इस्त्री उघडली, आतल्या जळक्या अभ्रकाचा वास घेतला आणि मला विचारलं, "कोन पानी मारतं?"

"आई. कपड्यांवर."

"कपड्यांवर मारते तं हिच्या आत कसं गेलं? जाऊन सांग तिला, ही इस्त्री हाय, तुळस नाय."

तिच्याकडे गिऱ्हाइकाला आधी बोलणी बसायची, मग काम. पण काम असं, की पुढे तीन वर्षं ती इस्त्री जळली नाही. सायकलच्या आऱ्यावर ती तार गुंडाळायची, डोळे मिटून, वेढे बोटांनी मोजत. मी म्हटलं, "खाला, बघून तरी गुंडाळ." तर म्हणे, "बगून काय करू, तार काय नवरा हाय?"

नवरा खराच नव्हता. कासमभाई अकरा वर्षं आखातात सिमेंटच्या कामावर होते. परत आले ते छातीत सिमेंट घेऊनच. शेवटची तीन वर्षं त्यांनी त्याच ओट्यावर बसून तिला हे काम शिकवलं, तेही खुणांनी, कारण बोलायला दम पुरत नव्हता. ते गेल्यावर खालाने एक नियम केला. वाफाऱ्याचं मशीन, दम्याचं मशीन, जे काही आजाऱ्याच्या श्वासाशी आहे, त्याच्या दुरुस्तीचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणी जबरदस्तीने नोट ठेवली तर ती उचलून त्याच्याच खिशात कोंबायची. "श्वासाचं काम फुकट. सवाब, म्हंजे पुन्य, कासमला पोचतो. तुमची नोट मधी आली तं त्याला काय पोचेल?"

हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. म्हणूनच तो माणूस तिच्याकडे आला.

साहिल नाव. आमच्याच बाजूच्या टॉवरमधला, पंचविशीचा, बुटांना कधी धूळ न लागणारा. त्याने एक इवलीशी कॉइल टेबलावर ठेवली, तांदळाच्या दाण्याएवढी, मधून कापसाची वात ओवलेली. "खाला, दम्याच्या नव्या, खिशातल्या मशीनची आहे. कंपनीची फार महाग पडते. गरीब पेशंट लोक रडतात."

खालाने ती भिंगाखाली धरली. आरा जाड पडत होता, म्हणून तिने गोधडीची सुई काढली आणि तिच्यावर तार गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्याला पाच करून दिल्या, फुकट. मग तो दर आठवड्याला येऊ लागला. पाचाच्या वीस झाल्या, विसाच्या चाळीस. वातीसाठी ती पिंजाऱ्याकडून चांगला कापूस आणायची, तीनदा उकळायची आणि स्वच्छ फडक्यावर वाळवायची. मी विचारलं, "एवढ्याशा वातीला तीनदा कशाला?" तर माझ्यावरच खेकसली, "आजाऱ्याच्या छातीत जानार हाय तो. तुझ्या उशीत नाय."

आता माझा भाग सांगते. तो लपवला तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भौतिकशास्त्र. आमच्या वाडीतून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. साहिलला आता ठरावीक ओहमच्या कॉइल हव्या होत्या, आणि खालाला ओहम कळत नव्हतं. ती म्हणाली, "तू कालिजात काय करतेस? सांग ना, कितव्या नंबराची तार आनि किती वेढे." मी हिशोब केला. मीटर आणून तपासला, बरोबर आला. चिठ्ठीवर लिहून दिला. साहिल म्हणाला, "वा, मॅडम."

त्याच्या खिशातल्या मशीनला स्ट्रॉबेरीचा वास येत होता. मी विचारलं, तर म्हणाला, लहान मुलांच्या औषधाला फ्लेवर असतो. मला ते पटलं नव्हतं. तरी गप्प बसले, कारण तोपर्यंत मला आयुष्यात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. अर्धा ओहम किती वेढ्यांत येतो हे मला कळत होतं आणि माझ्या नाकाला जे कळलं ते मी विचारात घेतलं नाही. याचा राग मी आणखी कुणावर काढू?

परीक्षेला आठ दिवस उरले होते. कपड्यांचा गठ्ठा पोचवून मी दुपारी ओट्याकडे वळले, तर तिथे पोलीस. एका शाळेत नववीच्या पोरांच्या दप्तरांत ई-सिगारेटी सापडल्या होत्या. पोरांनी साहिलचं नाव सांगितलं आणि साहिलने खालाचं. तिच्या टेबलावर काड्यापेटीत चाळीस कॉइल होत्या. बंदी असलेल्या वस्तूचे भाग बनवले, एवढा गुन्हा तेवढ्यावर तयार.

"दम्याची नाय?" खाला विचारत होती.

"कसला दमा, बाई. पोरं ओढतात हे. नशा."

खाला फडक्यावरच्या कापसाकडे बघत राहिली. "मी तीनदा उकळला," ती म्हणाली. हवालदार हसला. कितीला विकायचीस, असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, फुकट. मग सगळेच हसले.

तेवढ्यात डबीतून माझी चिठ्ठी निघाली. तारेचा नंबर, वेढे, ओहम, सगळं माझ्या अक्षरात.

"हे कोणी लिहिलं? हिशोब करणारा कोण आहे?"

मी पाच पावलांवर उभी होते. खालाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझं हाय," ती म्हणाली.

"तुला लिहिता येतं?"

"येतं."

"लिहून दाखव."

साहेबांनी पेन पुढे केलं. खाला शाळेत कधी गेली नव्हती हे मला माहीत होतं. तिने पेन पक्कड धरल्यासारखं धरलं आणि चिठ्ठीवरचे आकडे एकाखाली एक लिहिले, ओहमचं चिन्हसुद्धा. वाकडे, पण माझ्यासारखेच. चार मी उघडा काढते, तसा उघडा. मी घरी गेल्यावर ती रोज माझ्या चिठ्ठ्या गिरवत बसायची, हे मला तेव्हा कळलं. मला न विचारता सगळं करता यावं म्हणून.

साहेबांनी मान हलवली. मी एक पाऊल पुढे टाकलं असेल. खाला कडाडली, "ए इस्त्रीवाली, काय तमाशा हाय इथं? जा, आईला हात दे. लोकांचे कपडे पडलेत."

इतक्या वर्षांत तिने मला कधी इस्त्रीवाली म्हटलं नव्हतं. मी गेले. आठ दिवसांनी पेपर दिले.

साहिलच्या बापाने वकील उभा केला. मुलाचं करिअर आहे, तो फसला, असं सगळे बोलू लागले. मुलगा पंचवीस वर्षांचा, पण तो लहान ठरला. आणि जिला वीस वर्षं बाजार ओळखत होता ती बाई एका दिवसात सराईत ठरली. साहिल माफीचा साक्षीदार झाला. आज त्याचं मोबाइलचं दुकान आहे, काचेच्या दाराचं. ज्यांची वाफाऱ्याची मशिनं तिने फुकट नीट करून दिली होती, त्यांपैकी एकहीजण जामिनाला उभा राहिला नाही. ओट्यावरून टेबल उचललं गेलं. बहिणीने जामीन भरला आणि खालाला समुद्रकाठच्या करंजा गावी आपल्या घरी नेलं.

परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मी करंजाला गेले. बंदराजवळचं घर, अंगणात बोंबील वाळत घातलेले. खाला काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. मी गुणपत्रिका पुढे केली. तिने ती उलटी-सुलटी केली आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. "ह्यात नापास कुठं लिवतात?"

"नाही लिहिलेलं. फर्स्ट क्लास आहे."

"मग ठीक. नाय तं तीच इस्त्री तुझ्या पाठीवर फिरवली असती."

मी सांगितलं, आता कोर्टात जाऊन सांगते, अक्षर माझं आहे. तिने काठी खाली ठेवली. मी तिला तेवढी चिडलेली कधीच पाहिली नव्हती. "आनि मी ह्या वयात लिवायला शिकले ते काय पान्यात टाकू? तुझ्या मायनं उभ्यानं पाय सुजवले ते काय पान्यात टाकू? तोंड उघडलंस तं मी कोर्टात सांगेन, ही पोरगी कोन, मी वळखत नाय."

तरीही मी खालाच्या वकिलाला भेटले आणि लेखी दिलं. पुढच्या तारखेला मला बोलवणार होते. त्या तारखेच्या अकरा दिवस आधी खाला करंजालाच तापाने गेली. आरोपी मयत म्हणून तिच्यापुरता खटला बंद झाला. ती निर्दोष होती असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. म्हणून मी इथे लिहिते आहे. नजमाखालाने गुन्हा केला नाही. तिने आजाऱ्यांसाठी कापूस उकळला. हिशोब मी केला.

आता मी पनवेलमध्ये एका क्लासला विज्ञान शिकवते. विजेच्या उष्णतेचा धडा आला की गोधडीच्या सुईवर तार गुंडाळून दाखवते, आणि हे कुणी शिकवलं ते पूर्ण नावानिशी सांगते. दम्याचं मशीन आणि दुसरं मशीन यांतला फरकही सांगते, वासासकट.

आईने जिन्याखालचं टेबल गेल्या वर्षी बंद केलं. मी बी.एस्सी. आहे, प्रथम श्रेणीत.