केरसुणीला हळदकुंकू

"बघ ना, अगदी मांगवाडा."

मेधाताई सोबतच्या मैत्रिणीला हळूच मराठीत म्हणाल्या. तोक्योच्या म्युझियममधल्या त्या अंधाऱ्या खोलीत मराठी कोणाला कळणार.

पडद्यावर पांढऱ्या कपड्यातली एक क्यूबन बाई बंदराचा धक्का झाडत होती. ढोल वाजत होते. झाडता झाडता ती घुमू लागली. तिच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून याच धक्क्यावर उतरवलं होतं, असं भिंतीवर जपानीत लिहिलेलं. मी ते वाचून सांगितलं. त्यासाठीच मला आणलं होतं. मेधाताई माझ्या टीम लीडची बायको. त्यांना जपानी येत नाही. आणि माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार की नाही ते त्यांचा नवरा ठरवणार.

"अंगात आलं की आपल्याकडे अंधश्रद्धा," मैत्रिणीला म्हणाल्या, "इथे तिकीट काढून बघायचं." दोघी हसल्या. माझ्याकडेही हसून पाहिलं.

मी त्यांच्यातलीच, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. इंग्लिश मीडियम, 'कर'वालं आडनाव, बोलणं कमी. माणूस ओळखायला यांना एवढं पुरतं. तोक्योशेजारच्या उरायासुत राहायला येऊन या बाई कचरा वेगळा करायला शिकल्या. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक. माणसं वेगळी करायला मात्र घरूनच शिकून आल्या होत्या.

दिवे लागले. पडद्यावरची ती बाई प्रत्यक्ष आत आली. हातात तोच झाडू. म्युझियमची मुलगी जपानीत सांगत होती, मी मराठीत. प्रत्येकाने थोडी जमीन झाडायची. ज्याच्या कष्टांवर आपण इथवर आलो, घरातल्या अशा एकाचं नाव मोठ्याने घ्यायचं. मग झाडू पुढच्याला द्यायचा.

एका जपानी आजोबांनी झाडलं, आईचं नाव घेतलं, झाडू मेधाताईंपुढे धरला. त्या मागे सरकल्या.

"मी नाही बाई. कोणाकोणाचे हात लागलेत. तू घे गं."

मी घेतला. ताडाची पानं. मुठीशी दोरीने आवळून बांधलेली. ही बांधणी मी ओळखते. आजी शिंदीची पानं अशीच बांधायची. बोटं कायम चिरलेली. विकायला गेली की केरसुणी उंबऱ्याबाहेर ठेवायची. मालकीण वरून पाणी शिंपडायची, मग उचलायची. पाणी केरसुणीवर नव्हतं ते. आजीच्या हातांवर होतं.

गेल्या दिवाळीत मेधाताईंच्या फ्लॅटवर लक्ष्मीपूजन होतं. पुण्याहून सुटकेसमधून आणलेली केरसुणी पाटावर. तिला हळदकुंकू, फूल. माझा पाय लागला तर म्हणाल्या, "नमस्कार कर, लक्ष्मी आहे ती." बांधलेली वस्तू देव. बांधणारी बाटवणारी. या अकलेवर यांचा केवढा तोरा.

आईवडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते कुणी ओळखू नये म्हणून. आजीचं नाव मी घराबाहेर कधी घेतलं नव्हतं. आणि ही परकी बाई सगळ्यांसमोर तेच मागत होती. तिच्या माणसांची तर नावंही पुसून टाकलेली.

मी झाडलं. मेधाताईंच्या पायापर्यंत झाडत आणलं. मग सरळ उभी राहिले. आवाज मोठा लावला.

"सोनाबाई. माझी आजी. मांगवाड्यातली. मेधाताई, तुम्ही दिवाळीला जिच्यापुढे हात जोडता ती केरसुणी आम्ही बांधतो. यापुढे मांगवाडा म्हणाल तेव्हा माझ्याकडे बघून म्हणा. साहेबांना काय सांगायचं ते सांगा. आता हा धरा. तुमची पाळी आहे."