बूनचा हॉर्न

या सदरात मी आजवर फक्त प्रतिसाद द्यायला येत होतो. जुने वाचक ओळखतील... "जेवण जड झालं होतं का?", "फोटो का नाही काढलात?" असं विचारून लोकांच्या अनुभवांचा विचका करणारा तो खवचट माणूस मीच. भूत, चकवा, संकेत, कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. आज आहे असंही म्हणवत नाही. पण एक गोष्ट घडली आहे, ती मला कशातच बसवता येत नाहीये, म्हणून पहिल्यांदाच स्वतःचं काही लिहितोय. हवं तेवढं झोडा, माझी तक्रार नाही.

आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंटहोवनला लागून असलेल्या बेस्ट नावाच्या गावात राहतो. (त्या नावावरचे सगळे विनोद करून झालेत, कृपया नको.) नोकरी सायलीची, म्हणजे माझ्या बायकोची. मी डिपेंडंट व्हिसावर आलेला नवरा. पुण्यात एका टू-व्हीलर शोरूमच्या वर्कशॉपचा मॅनेजर होतो, त्यामुळे गाड्यांमधलं थोडंफार कळतं असं समजायला हरकत नाही. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये रेस्टॉरंटं बंद झाली, फक्त पार्सल चालू राहिलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक थाई किचन आहे. मालकीण पी-नित. 'पी' म्हणजे त्यांच्याकडचं ताई-दादा. त्यांना डिलिव्हरीला माणूस हवा होता आणि मला घरातून बाहेर पडायला निमित्त हवं होतं. त्यांचा भाचा बून आधीपासून स्कूटरवरून डिलिव्हरी करायचा. वय अठ्ठावीस, थायलंडमधल्या उदोन गावचा पोरगा, दोन चाकं दिसली की अंगात वारं भरायचं. तो मला पी-मन म्हणायचा. मंदार त्याला जमेना.

आमची दोस्ती जमली ती ट्रॅफिकच्या नियमांवरून. थायलंड काय नि पुणं काय, हेल्मेटचा कायदा एकच निघाला : पुढच्या चौकात पोलीस दिसला की डोक्यावर, नाहीतर कोपरात. "इथे पोलीस दिसतच नाही, हीच फसवणूक आहे," बून वैतागून म्हणायचा. "आमच्याकडे नाका असतो. पोलीस उभा असतो. त्याला बघून आपण सुधारतो. इथे नुसता खांबावर कॅमेरा!"

एकदा तर तो आपटताआपटता वाचला. बाजूच्या रस्त्यावरून एक बाई गाडी घेऊन येत होत्या. बूनने लांबूनच त्यांना हेडलाइट मारला. त्याच्याकडे, आणि आपल्याकडेसुद्धा, याचा अर्थ 'मी येतोय, थांबा'. इथे त्याचा अर्थ होतो 'या, आधी तुम्ही जा'. बाई गोड हसल्या, हात केला आणि आल्या की सरळ त्याच्या पुढ्यात! परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, अरे, मीही हेच केलं असतं. त्या दिवसापासून त्याचा लाइटवरचा विश्वास उडाला. हॉर्नवरचा मात्र दुप्पट झाला.

आता ते वळण. गावाबाहेर कॅनॉलच्या बाजूने एक अरुंद रस्ता जातो. एका जागी तो उजवीकडे वळतो आणि तिथेच सायकलींचा रस्ता त्याला आडवा छेदतो. कोपऱ्यावर पुरुषभर उंचीचं दाट कुंपण, त्याच्यामागे गोठा. आडवं कोण येतंय ते शेवटपर्यंत दिसत नाही. त्या वळणावर बून दर वेळी हॉर्न द्यायचा. दोन आखूड, एक लांब. आणि क्षणभर एक हात छातीशी न्यायचा.

"कोण आहे तिथे?" मी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"माहीत नाही."

"मग नमस्कार कुणाला?"

"वळण आहे ना, पी-मन? मग कुणीतरी असेलच. आमच्याकडे अशा जागी छोटं देऊळ बांधतात, येणारा-जाणारा हॉर्न देतो. इथल्या लोकांनी बांधलेलं नाही. त्यात जो कुणी असेल त्याची काय चूक?"

मी पोट धरून हसलो. आपल्या घाटातले ट्रकवाले देवळापाशी हेच करतात आणि त्यांनाही मी हसायचो.

एकदा आम्ही दोघं दोन स्कूटरवर बरोबर होतो तेव्हा गावाच्या पोलिसाने त्याला अडवलं. इथे प्रत्येक भागाचा ठरलेला पोलीस असतो, सगळे त्याला तोंडओळखीने जाणतात. हा उंच, शांत, मोटरसायकलवरून हिंडणारा. त्याने समजावलं की इथे हॉर्न फक्त प्रत्यक्ष धोका टाळायलाच वाजवता येतो.

"धोका होता का?" त्याने विचारलं.

"होता," बून म्हणाला.

"कुठे?"

"अजून आला नाहीये."

पोलिसाने मिनिटभर त्याच्याकडे पाहिलं आणि दंड ठोकला. दुसऱ्या दिवशी बूनचं चालूच... दोन आखूड, एक लांब.

आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. मैत्रिणीकडे खेळून ती त्याच सायकलच्या रस्त्याने घरी यायची. तिला तो हॉर्न पाठ झाला होता. ऐकू आला की कुंपणाच्या अलीकडे पाय टेकून थांबायचं आणि बूनअंकलला हात करायचा, हा तिचा खेळ. तोही तिला बघून सीटवर अर्धा उभा राहायचा. मी दोघांनाही ओरडायचो.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटी, बूनच्या आईची तब्येत बिघडली आणि तो थायलंडला गेला. त्याची स्कूटर माझ्याकडे आली. जाताना किल्ली देत म्हणाला, "वळणावर हॉर्न दे हं, पी-मन." मी म्हटलं, हो बाबा, देतो. अर्थातच दिला नाही. पुढच्याच आठवड्यात पावसात तो हॉर्न मेला. बटण दाबलं तर हूं नाही की चूं नाही. इथे लागतो कुठे हॉर्न, बघू रविवारी, म्हणून मी तसाच चालवत राहिलो.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. संध्याकाळ व्हायची होती, स्वच्छ ऊन, कॅनॉलवर चिटपाखरू नाही. मागच्या पेटीत ग्रीन करी आणि भात. वेग नियमात होता, फोन खिशात होता, लक्ष रस्त्यावर होतं. वळण समोर आलं...

आणि हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. मागून नाही, पुढून नाही. माझ्याच हातांखालून, जिथून वाजायला हवा तिथून. माझे दोन्ही अंगठे हँडलच्या मुठींवर होते, बटणापासून लांब.

मी दचकलो आणि दोन्ही ब्रेक करकचून दाबले. स्कूटर घसरत, वाकडी होत थांबली. थांबली तिथून हातभर अंतरावर, कुंपणाच्या कडेला, इराच्या सायकलचं पुढचं चाक होतं. एक पाय जमिनीवर, एक हात वर. हात करत होती.

तिच्या मागे उतार आहे. तो हॉर्न नसता तर ती न थांबता सरळ आली असती, मीही आलो असतो, आणि... मी आजही त्याच्यापुढचं मनात आणू शकत नाही.

"बाबा, तू किती जोरात ब्रेक मारलास!" इरा म्हणाली. मराठी एवढंच, पुढचं सगळं डचमध्ये. तिचं म्हणणं : वाटलं बूनअंकल परत आला, पण हा तर तूच!

तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. तोच पोलीस. मास्क वर केला, कोविडच्या नियमाप्रमाणे दीड मीटर लांब उभा राहिला. इरा ठीक आहे ना ते आधी पाहिलं, तिला सायकल घेऊन पुढे जाऊन थांबायला सांगितलं, मग मला म्हणाला, "आज तुम्हाला हॉर्नचा दंड करता येणार नाही. आज खरंच धोका होता."

"मी वाजवला नाही," मी म्हटलं.

"मी ऐकला. दोन आखूड, एक लांब. हा हॉर्न मी ओळखतो, तुमच्या सहकाऱ्याला याच्यासाठीच दंड केलाय."

"हा चालतच नाही."

मी बटण दाबलं. काही नाही. त्याने हातमोजा काढून स्वतः दाबलं. किल्ली बंद करून परत चालू केली, परत दाबलं. काही नाही. मग तो चालत कुंपणाच्या पलीकडे गेला, गोठ्यामागे डोकावला, कॅनॉलच्या काठावर दोन्हीकडे बघून आला. दुसरी गाडी नव्हती, बोट नव्हती, माणूस नव्हता. परत आला, हातमोजा चढवला. कपाळ खाजवत उभा राहिला. शेवटी त्याला जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं. हॉर्न नादुरुस्त असताना गाडी चालवल्याबद्दल मला ताकीद दिली.

म्हणजे बघा. ज्या माणसाने माझा हॉर्न स्वतःच्या कानांनी ऐकला, त्यानेच मला हॉर्न नाही म्हणून समज दिली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही कसनुसं हसलो.

आता शॉर्ट सर्किटवाले येतील. या. मीही तुमच्यातलाच. त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, भरपूर उजेडात पुढचं कव्हर खोललं. हॉर्नची वायर गंजून पार तुटली होती. दोन्ही टोकं वेगळी, मध्ये बोटभर अंतर. पंधरा वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत मी. तुटलेल्या वायरवर हॉर्न वाजत नाही. चुकून वाजलाच तर भोंग्यासारखा अडकून बसतो, ठेका धरून वाजत नाही.

सायलीने एक डोकेबाज शक्यता काढली. इथे स्टार्लिंग नावाचे पक्षी आहेत, आपल्या साळुंकीच्या नात्यातले, ऐकतील तो आवाज काढतात. एखाद्याने बूनचा हॉर्न उचलला असेल! मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. आठवडाभर रोज दुपारी थर्मास घेऊन तिथे बसलो. पक्षी होते, नकलाही करत होते. गाडी लॉक झाल्याचा आवाज काढला, कुणाचातरी मोबाइल काढला, एकाने तर मांजर काढलं. हॉर्न नाही काढला. आणि हातांखालून तर पक्षी ओरडत नाही ना.

आता तुम्हाला वाटलं असेल, नेमका त्याच क्षणी तिकडे बूनचा जीव गेला. मलाही वाटलं होतं. त्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या त्याला फोन लावला होता. बून ठणठणीत होता. बँकॉकच्या क्वारंटाइन हॉटेलात, दाराबाहेर पहारा, नूडल्स खात टीव्ही बघत बसला होता. तो तिथेच होता याची हमी त्याच्या देशाच्या सरकारने घेतली होती.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं हा आता डोळे मोठे करून काहीतरी गूढ बोलणार. तो भडकलाच.

"हॉर्न चालत नव्हता आणि तू गाडी काढलीस? पी-मन, वेडा आहेस का? त्या वळणावर?"

ज्याला मी सहा महिने नियम शिकवले तो मला झापत होता. मग त्याने विचारलं, "इरा बरी आहे?"

"बरी आहे."

"थँक्यू म्हणालास का?"

"कुणाला?"

टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"ते मला कसं माहीत असणार," तो म्हणाला. "मी तर नुसता हॉर्न द्यायचो."

पुढे वायर जोडली. हॉर्न चांगला चालतो. त्या वळणावर मी तो रोज देतो, बूनसारखाच. छातीशी हात नेत नाही, अजून तेवढं होत नाही माझ्याने. एकदा तो पोलीस तिथेच उभा होता. मी दिला. त्याने कॅनॉलकडे तोंड फिरवलं.

लोक विचारतील, तुझं काय मत? मला मतच नाही. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीवर मत असणारा माणूस मी, आणि माझ्याच पोरीच्या जिवाबद्दल मला काही सांगता येत नाही. कोण होतं, का वाजला, तेव्हाच का, माझ्यासाठी का... काही म्हणजे काही कळत नाही. आणि कुणाचे आभार मानायचे ते माहीत नसणं फार त्रासाचं असतं, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना इराने विचारलं होतं, "हॉर्न तू वाजवलास ना, बाबा?"

मी म्हटलं, "हो."

तिने शाळेत सगळ्यांना तसंच सांगितलंय. माझ्या बाबाने हॉर्न दिला, म्हणून मी थांबले. अजूनही ती रोज त्या कुंपणापाशी पाय टेकून थांबते आणि माझ्या हॉर्नची वाट बघते. तो ऐकू आला की हात करते. माझ्याकडे बघून करते, हे मला दिसतं. तरीही मी दर वेळी एकदा मागे वळून पाहतो.