‘जी’ म्हणजे हो

उस्तादाबद्दल काही चांगलं लिहावं असं मला आजही वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तो नियम मी त्याच्यापुरता बाजूला ठेवला आहे. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, त्याच्या दुसऱ्या वर्षी मी उस्मानाबादेला पोलिसात भरती झालो. कवायत घेणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणायची रीत होती. आमचा उस्ताद पुण्याकडून बदलून आलेला. ही बदली त्याला शिक्षा वाटायची आणि ती शिक्षा तो आम्हाला भोगायला लावायचा. कुणाची पट्टी सैल दिसली, कुणाचा पाय चुकला, की "निजामातली जनावरं" हे ठरलेलं.

सकाळी मैदान, दुपारी वर्ग. वर्गातही तोच. "जबाब सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावा. आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत. पोलिसापुढची कबुली हा पुरावा नव्हे." आम्ही सगळे रिक्रूट हे पाढ्यासारखं ओरडून म्हणायचो. उस्तादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून फळ्यावर हे लिहायचं काम माझं. पुढे त्याचे कागदही मीच लिहायला लागलो. मी लोहाऱ्याकडच्या खेड्यातला, घराण्यातला पहिला सरकारी नोकर. माझ्या अक्षरावाचून उस्तादाचं अडतं, ह्या गोष्टीने मी फुगलो होतो. तेव्हा मला त्याची लाज वाटत नव्हती, हे सांगून टाकतो.

पावसाळा सरताना कवायतीचा पितळी बिगूल नाहीसा झाला. मोठ्या साहेबांची तपासणी पंधरा दिवसांवर आलेली. बिगूल उस्तादाच्या ताब्यातला, तेव्हा गेला तर त्याच्या हवालदारकीच्या फिती जाणार. मैदानापलीकडच्या माळावर पन्नाशीचा एक धनगर मेंढरं चारायचा. त्याला धरून आणला आणि वर्गातच फळ्याखाली बसवला. फळ्यावर सकाळचं माझं अक्षर तसंच होतं.

"मैदानाच्या कडेनं मेंढरं नेतोस?" उस्तादाने विचारलं.

"जी."

"सामानाच्या खोलीचं दार उघडं असतं, ठाऊक होतं तुला?"

"जी."

"बिगूल तूच उचललास."

"जी... न्हाय जी, म्या कशाला घिऊ? मला काय करायचं त्येचं?"

"पहिल्यांदा काय म्हणाला ते लिही," उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाला. "जी म्हणजे हो."

आमच्याकडे जी म्हणजे हो नव्हे. जी म्हणजे ऐकतोय, तुम्ही मोठे, बोला. माझा बाप जन्मभर जी म्हणत आला. देशमुखाला जी, तहसीलच्या शिपायाला जी, एसटीच्या कंडक्टरने मागे सरक म्हटलं तरी जी. आणि इतकं म्हणून तो जागचा हलायचा नाही. उस्तादाला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. मला तर कळत होतंच. मी लिहिलं, "होय, बिगूल मीच उचलला." सुंदर अक्षरात लिहिलं. धनगराने अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली.

चौथ्या दिवशी मी फाटकावर पहाऱ्याला होतो. भूमच्या एसटीतून एक बँडवाला उतरला. टॉवेलात गुंडाळलेला बिगूल माझ्या हातात देऊन म्हणाला, "उस्तादांना सांगा, लग्न चांगलं झालं. जरा उशीर झाला, माफी करा." म्हणजे चोरी झालीच नव्हती. उस्तादाने दोस्तीखातर सरकारी बिगूल वरातीला दिला होता. मी तो नेऊन त्याच्यापुढे ठेवला. त्याला वाईट वाटेल, निदान तो चपापेल अशी माझी समजूत. त्याने बिगूल उलटापालटा करून पाहिला, कडेला पडलेल्या पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "नोकरी करायची आहे ना?"

करायची होती. दुसऱ्याच दिवशी तो बिगूल धनगराच्या मेंढवाड्यातल्या दगडांखाली सापडला. पंच म्हणून चौकातला हॉटेलवाला आणि शिंपी हजर होते. दर पंचनाम्याला तेच असायचे. पंचनामाही मीच लिहिला. "आरोपीने स्वतः दगड बाजूला सारून काढून दिला." दगड सारताना शिंप्याचं बोट चेंगरलं होतं. ते मी लिहिलं नाही.

धनगराला कोर्टात न्यायची पाळीही माझ्यावरच आली. दोराचं एक टोक त्याच्या मनगटाला, दुसरं माझ्या हातात. वाटेत त्याने विचारलं, "साहेब, आत काय म्हणायचं असतंय? म्या कवा कोरट बघितलं न्हाय."

इथे माझं तोंड उघडायला हवं होतं. "न्हाय म्हणा, मामा. काहीही विचारलं तरी आधी न्हाय म्हणा." एवढं एक वाक्य. त्याने उस्तादाला काही कळलं नसतं आणि माझंही काही गेलं नसतं. पण मागून उस्तादाच्या बुटांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "अदबीनं बोला. विचारतील त्याला नीट जबाब द्या."

मॅजिस्ट्रेटांनी आरोप वाचून दाखवला. "गुन्हा कबूल आहे?"

"जी."

ते थांबले. एवढं सोपं त्यांनाही नवीन असावं. "कबूल आहे ना?"

"जी," तो अदबीनं म्हणाला आणि आपण बरोबर बोललो ना, म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी खाली पाहिलं. त्याला तीन महिन्यांची सजा झाली. आमच्या कागदावरची कबुली कोर्टात चालणार नव्हती, कायदा तसा होताच. पण तिची गरजच पडली नाही.

तपासणीत बिगूल झकास वाजला. लेखी परीक्षेत प्रश्न आला, जबाब कसा नोंदवावा? मी लिहिलं, सांगणाऱ्याच्या शब्दांत. सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. शपथेच्या दिवशी उस्तादाने पाठ थोपटली, "हा निजामातला असून शहाणा निघाला." ती थाप मला आवडली. उस्तादापेक्षा मला जास्त राग येतो तो त्या थापेने सुखावलेल्या पोराचा, आणि तो पोरगा आजही माझ्या नावाने पेन्शन उचलतो.

सात-आठ वर्षांनी मी हवालदार झालो होतो. येडशी स्टेशनवर ड्युटी होती. फलाटाच्या टोकाला घोंगडी टाकून तो धनगर बसलेला दिसला. केस पांढरे झालेले, पण मी ओळखला. त्याने आधी वर्दी पाहिली आणि उठून उभा राहिला. मी म्हणालो, "बसा, मामा." तो बसला नाही.

मग मी सगळं सांगितलं. लग्न, बँडवाला, टॉवेल, दगड, वाटेत मी काय सांगायला हवं होतं ते. म्हणालो, "मला सगळं ठाऊक होतं. मी बोललो नाही. चुकलं माझं."

"जी."

"तुमची मेंढरं?"

"ऱ्हायली न्हाईत जी. राखणार कोण?"

गाडीची घंटा झाली. त्याने घोंगडी खांद्यावर घेतली. मला घाई झाली. मी जवळजवळ ओरडूनच विचारलं, "माफ केलं का मला, मामा?"

तो माझ्या पट्ट्याकडे बघत होता. अदबीनं म्हणाला, "जी."

जी म्हणजे हो, असं मीच एकदा सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं. त्या दिवशी फलाटावर मला ते खरं मानता येईना.